नाताळ ‘हिरवा’ करायचा म्हणून नवी खरेदी कशाला?

पाचवी_गल्ली
‘पर्यावरणपूरक नाताळ : दहा सोप्या गोष्टी’ ही पोस्ट कोल्हापुरातल्या प्रत्येक ग्रुपवर फिरतेय. वाचली नसेल त्यांच्यासाठी सारांश: प्लास्टिकचं झाड टाका, नर्सरीतून जिवंत आणा, सण झाला की मसाई पठारावर लावा. विजेच्या माळा काढा, मेणबत्त्या लावा. केकमध्ये साखरेऐवजी गूळ घाला. चर्चच्या प्रीतिभोजनाला पत्रावळ्या. आणि दारावरचा तारा ‘इको-फ्रेंडली’ मागवा, खाली लिंक. यातल्या निम्म्या गोष्टींनी कचरा वाढतो, कमी होत नाही.

घरातलं प्लास्टिकचं झाड म्हणजे पीव्हीसीच्या पट्ट्या आणि आत पिळलेली तार. दोन्ही सुटी होत नाहीत, म्हणून भंगारवालाही हात लावत नाही. टाकलं की थेट कसबा बावड्याच्या झूम कचरा डेपोवर. ब्रिटनच्या कार्बन ट्रस्टचा हिशेब साडेसहा फुटी प्लास्टिक झाडामागे सुमारे 40 किलो कार्बन डायऑक्साइडचा आहे. तो बहुतेक झाड बनतानाच हवेत गेलाय. आज फेकून तो परत येणार आहे का? ज्यांच्या माळ्यावर झाड आहे त्यांनी पट्ट्या झडेपर्यंत तेच लावावं. लोंबलेल्या फांदीला बांधकामाची बारीक तार गुंडाळली की ती ताठ होते, बूड डुगडुगत असेल तर जुन्या बादलीत वाळू भरून त्यात रोवा.

मेणबत्त्यांचं तर बोलायलाच नको. पॅराफिन हे खनिज तेलातूनच येतं. शंभर दिव्यांची एलईडी माळ साधारण 6 वॅटची. रोज 6 तास, 15 दिवस लावली तरी अर्ध्या युनिटच्या आसपास वीज. जुन्या बारीक बल्बांची माळ 40 वॅटची असेल तर साडेतीन युनिट, बदलायची तर ती बदला. गव्हाणीत वाळलं गवत आणि झाडावर कापसाचा बर्फ असताना मेणबत्ती लावा म्हणणाऱ्यानं अग्निशामक दलाचा नंबरही खाली द्यायचा होता.

कुंडीतला_माणूस
प्लास्टिकची एवढी वकिली? ज्यांच्याकडे झाड नाही त्यांनी काय करायचं, चिनी झाड विकत घ्यायचं? जिवंत झाड जगतं, जगवता आलं पाहिजे.

नर्सरीत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून मिळतो तो अरोकेरिया. लोक तो पहिल्या डिसेंबरला टीव्हीशेजारच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवतात, वर बर्फाचा स्प्रे मारतात आणि जानेवारीत खालच्या फांद्या तपकिरी पडल्या की नर्सरीवाल्याला शिव्या घालतात. आत आठ-दहा दिवसच, तेही खिडकीशी. बोट घालून बघा, वरची दोन इंच माती सुकली असेल तरच पाणी. थाळीत साचलेलं ओतून टाका, मुळं कुजतात. माळ सैल सोडा, फांदीला आवळू नका. आणि शेंड्यावर चांदणी अजिबात नको. शेंडा मोडला की झाडाचा घाट बिघडला. बाजूच्या फांदीचं कलम केलं तर ते जन्मभर आडवंच पसरतं. काटक्यांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या फडक्यानं पुसून काढा.

जांभा_पठार
जगवा हो, पण कुंडीतच. मसाई पठाराचं वाचून डोकं फिरलं. तिथं जांभ्या दगडावर जेमतेम वीतभर माती, कुठं तीही नाही. पावसाळ्यात येणारी फुलं आणि गवत त्या उथळ, ओल्या मातीवरच जगतात. खड्डे मारून झाडं लावली की सावली पडते, माती साठते आणि नेमकं तेच संपतं. उघडं पठार दिसलं की त्याला ओसाड समजून रोपं घेऊन पळायचं, हा रोग झालाय सगळ्यांना. वाढदिवस झाला, लावा झाड. साहेब निवृत्त झाले, लावा झाड. उन्हाळ्यात पाणी कोण घालणार हे कुणी विचारत नाही.

अरोकेरिया मूळचा पॅसिफिक बेटांवरचा. बंगल्याच्या कडेला लावला तर साठ फुटांवर जातो आणि विजेच्या तारांत घुसतो. ज्याला लावायचंच आहे त्यानं परड्यात जांभूळ लावावं.

कुंडीतला_माणूस
बरं बाबा, पठार तुमचं. कुंडी तरी आमची राहू दे.

सण_एकच_का
दिवाळीला फटाके, गणपतीला विसर्जन, रंगपंचमीला पाणी, आणि आता नाताळला झाड. सगळं ज्ञान सणालाच सुचतं. थर्टीफर्स्टच्या डॉल्बीवर कुणी दहा सोप्या गोष्टी लिहिल्यात काय?

पाचवी_गल्ली
डॉल्बीचा धागा वेगळा काढा, पहिली सही माझी. इथं नाताळ चाललाय.

गुळव्या_करवीर
गुळाचा मुद्दा कुणी खोडला नाही म्हणजे तो बरोबर आहे असं समजायचं का? मग ऐका. रस आटवायला गुऱ्हाळ बाहेरून जळण घेत नाही. रस काढला की चोथा उन्हात वाळतो, तेच चिपाड चुलवाणात जातं. दगडी कोळसा नाही, डिझेल नाही. एक टन उसाला शंभर-एकशेदहा किलो गूळ. रसावर येणारी मळी काढायला भेंडीच्या झाडाचा चीक. डिसेंबरात हंगाम ऐन भरात असतो, मार्केट यार्डात गुळाचे ताजे रवे, म्हणजे ढेपा, येतात. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन उगाच नाही मिळालं. केकला यापेक्षा हिरवं गोड कुठलं?

उतारा_बारा
भेंडी! किती गुऱ्हाळांवर फक्त भेंडी राहिलीय? बाजाराला पिवळाधमक गूळ पाहिजे म्हणून उकळत्या रसात हायड्रॉस, म्हणजे रंग उजळवणारी केमिकल पावडर, पडतं. तो रंगही टिकत नाही, दमट हवेत काही आठवड्यांत काळवंडतो. आणि चिपाडाचं कौतुक आम्हाला सांगू नका. साखर कारखानाही बगॅस, म्हणजे चिपाडच जाळतो, पण बंद, उच्च दाबाच्या बॉयलरमध्ये. त्यावर सगळा कारखाना चालून उरलेली वीज ग्रीडला जाते. तुमच्या रस आटवायच्या उघड्या काहिलीची बरीच उष्णता आभाळाला. आपल्या भागात उसातून साखरेचा उतारा बारा टक्क्यांच्या आसपास आहे, वर मळीतून (साखर काढून उरलेल्या काळ्या पाकातून) अल्कोहोल, प्रेसमडचं, म्हणजे रसाच्या गाळाचं, खत. गूळ हिरवा आणि साखर काळी हे कुणी ठरवलं?

गुळव्या_करवीर
कारखान्याच्या मळीचं पाणी ओढ्यात कुठं जातं ते पण लिहा की जरा. पंचगंगेत मासे मेले की गुऱ्हाळाकडं बोट दाखवणारा अजून भेटला नाही. आणि हायड्रॉस ग्राहकाच्या डोळ्यासाठी पडतं. काळा गूळ मागा, काळा मिळेल. पिवळा मागायचा आणि वर केमिकल म्हणून ओरडायचं, हा कुठला न्याय?

उतारा_बारा
सोडलं तर जातं, प्रक्रिया केली तर नाही. सोडणाऱ्याला कुणी पाठीशी घालत नाही. मुद्दा इंधनाचा होता, तो टाळू नका.

गुळव्या_करवीर
भावा, टाळतोय कोण! चुलवाणाला दोन-तीन काहिली ओळीत बसवल्या की मागच्या काहिलीतला रस पुढच्याच्या धुरावर तापतो. उष्णता आभाळाला जाते ती जुन्या एका काहिलीच्या चुलवाणात. बघून या आधी.

उतारा_बारा
असली गुऱ्हाळं किती, ते तुम्हीच सांगा. असो, काळा गूळ आणि ओळीतल्या काहिली एवढं असेल तर तुमचा केक हिरवा. अभिनंदन.

ओव्हन_160
दोघंही केक न करणारे दिसताय. साखर काढून तेवढाच गूळ घातला की केक बसतो आणि दोष गुळाला जातो. कारण साधं आहे. लोणी-साखर फेटताना साखरेच्या कणांनी हवा धरली जाते, गुळात ते होत नाही. त्यामुळे फुगवण्याचं सगळं काम सोड्यावर येतं. गूळ आंबटसर असतो, म्हणून सोडा त्याच्याशी चांगला पेटतो.

अडीचशे ग्रॅम मैदा, दोनशे ग्रॅम काळा गूळ, शंभर मिली पाणी, सपाट अर्धा चमचा सोडा, एक चमचा बेकिंग पावडर, सव्वाशे मिली तेल, अर्धी वाटी ताजं दही. गूळ पाण्यात कोमट करून फडक्यातून गाळा, तळाला माती आणि चिपाडाचे धागे हमखास निघतात. पूर्ण गार करा. गरम पाकात सोडा पडला तर तो पातेल्यातच फसफसून संपतो, साच्यात जाईपर्यंत काही उरत नाही. दूध घालायचा मोह आवरा, गुळाबरोबर तापवलं की फाटतं. सुका मेवा मैद्यात घोळवून शेवटी. गूळ लवकर करपतो म्हणून 180 नाही, 160 वर, सात इंची साच्याला पन्नास मिनिटं ते तास. वरून काळा दिसला तर चाळिसाव्या मिनिटाला वर झाकण ठेवा. बेदाणा तासगावचा घ्या. हिरवाकंच नको, त्याला गंधकाची धुरी असते, तपकिरी चालतो.

सण_एकच_का
गुळाचा धागा झालाय हा. नाताळ कुठं गेला?

कामटी_खळ
नाताळ तारा लावल्याशिवाय येत नाही, आणि त्याच्यावर अजून एक ओळ नाही! ‘इको-फ्रेंडली’ लिंकवरचा तारा जाड पुठ्ठ्याचा, वर प्लास्टिकची फिल्म आणि चकाकी. चकाकी म्हणजे प्लास्टिकचेच कण, झाडलोट केली की गटारात. त्यापेक्षा बुरूड गल्लीत बांबूच्या कामट्या तासून घ्या.

दोन फुटी दहा, बोटभर रुंद. पाच-पाचच्या दोन सपाट चांदण्या करा. कामट्या एकीवरून, दुसरीखालून अशा गुंफल्या तर सुतळी कमी लागते आणि चांदणी फिरत नाही. आतले पाच छेद पक्के बांधा. मग दोन्ही चांदण्यांची टोकं एकमेकांना बांधून आतल्या पाच छेदांत सहा-सहा इंचांच्या काड्या अडकवा, पोट फुगतं. काड्या आधी अडकवल्या तर टोकं जुळत नाहीत, बहुतेकांचा तारा इथंच वाकडा होतो. त्रिकोणी तुकडे वीस, पंचकोनी दोन. मागचा पंचकोन तीनच बाजूंनी चिकटवा, बल्ब बदलायला दार राहतं.

खळ दोन चमचे मैदा, एक कप पाणी, चिमूटभर तुरटी, चमच्यावरून धार पडेल इतकी शिजवायची. पतंगी कागद थोडा ओलसर करून लावला की वाळताना ताणून बसतो. जिलेटीन कागद घ्यायचा असेल तर कोपरा जाळून बघा: राख झाली आणि कागदाचा वास आला तर ठीक, वितळून गोळी झाली तर प्लास्टिक. आत 5 वॅटच्या वरचा दिवा नको. पूर्वीचा 60 वॅटचा पिवळा बल्ब कागदाला टेकला की संपलं. पहाटेच्या दवानं खालचे जोड सुटतात, म्हणून तारा पागोळीच्या आत टांगा.

पाचवी_गल्ली
हे खरं काम. आता पत्रावळ्या. पळसाच्या पानांच्या, काड्यांनी टोचलेल्या असतील तर खुशाल घ्या. हल्ली बाजारात पुठ्ठ्याच्या, वर चकचकीत थर असलेल्या मिळतात. गरम पाण्यात दहा मिनिटं बुडवा, पापुद्रा सुटून वर आला की समजा प्लास्टिक. चर्चच्या स्वयंपाकघरात स्टीलची ताटं पडलेली असताना हे विकत कशाला?

कुंडीतला_माणूस
चारशे ताटं धुवायला पाणी कुठलं? डिसेंबरात टँकर?

पाचवी_गल्ली
नळाखाली धुतली तर टँकरच. तीन घमेली मांडा: पहिल्यात खरकटं आधी हातानं निपटून राख, दुसऱ्यात साबण, तिसऱ्यात साधं. पाणी गढूळ झालं की तिसऱ्यातलं दुसऱ्यात, दुसऱ्यातलं पहिल्यात. निपटलेलं वेगळ्या बादलीत ठेवलं तर गोठ्यावरची माणसं घेऊन जातात. मटणाची हाडं त्यात नकोत.

जांभा_पठार
तारा 6 जानेवारीनंतर उतरवाल तेव्हा कागद फाडून काढा, सांगाडा ठेवा. कामट्या उन्हात दोन दिवस तापवून माळ्यावर टांगायच्या. जमिनीवर ठेवल्या की भुंगा लागतो, खाली पिवळी भुकटी पडलेली दिसते.

गुळव्या_करवीर
त्या केकला काळा गूळ ‘काळा’ म्हणूनच मागा. ‘ऑर्गॅनिक’ म्हटलं की तोच रवा दुप्पट भावानं देतात.

उतारा_बारा
हे मात्र बरोबर बोललास.