पहाटेची गाडी आणि गारठलेली बोटं : तुमचे अनुभव लिहा

गोदाकाठची
आज सकाळी साडेसहाला चांदोरीजवळ एक कॉलेजचा मुलगा दिसला. गाडी रस्त्याच्या कडेला स्टँडवर लावलेली, स्वतः उकिडवा बसलेला आणि दोन्ही तळवे इंजिनाच्या दोन बाजूंना धरलेले. डोळे मिटलेले. मी स्कूटरवरून पुढे गेले खरी, पण दिवसभर तो मुलगा डोळ्यांसमोरून हलला नाही. माझे दादा अगदी अस्सेच बसायचे.

दादा म्हणजे वडील. दूध घालायला रोज पंचवटीपर्यंत जायचे, पंचवीसेक किलोमीटर. राजदूत गाडी, दोन्ही बाजूंना कॅन. पहाटे चारला निघायचं. निफाड तालुक्यातला डिसेंबर-जानेवारी ज्यांनी काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. पहिली काही वर्षं ते हाताला नुसतं जुनं धोतर गुंडाळून जायचे. घरी आले की बोटं वाकायची नाहीत, शर्टाची बटणं आई काढायची. मग एका संक्रांतीच्या आधी आईने फाटक्या घोंगडीचे दोन तुकडे कापले, बाहेरून जुन्या सीटचं रेक्झिन लावलं आणि हँडलला बांधायच्या दोन पिशव्या शिवल्या. मशीनच्या दोन सुया मोडल्या, शेवटी दाभण आणि सुतळी घेऊन बसली. दादा मूठ, क्लच, ब्रेक सगळ्यासकट हात त्या पिशवीत घालायचे. त्या पिशव्यांना दूध, पेट्रोल आणि ओल्या लोकरीचा मिळून एक वास होता. तो मला अजून ओळखू येईल.

तुम्ही काय करता, घरातले काय करायचे, लिहा ना. त्या मुलासारखे कितीतरी जण असतील.

कारखाना_शिफ्ट
वाचून गलबलून आलं ताई. बटणांचं वाचून तर फारच.
आमचं पेपरचं. साखर कारखान्यात रात्रपाळी, बारा किलोमीटर घर. जॅकेटच्या आत छातीवर वर्तमानपत्राचे चार पदर. हाताला काहीच नाही तरी फरक पडतो, खरं सांगतो.

पहाटपाळी
मी नर्स. सकाळची ड्यूटी सातला, स्कूटरवर अर्धा तास. लोकरीच्या हातमोज्यांतून वारा सरळ आत येतो, तो लोकरीचा दोष नाही, तिची वीणच तशी. म्हणून आत पातळ रबरी हातमोजे आणि वर लोकरीचे. पहिली वीस मिनिटं स्वर्ग. त्यानंतर आत घाम साठतो आणि बोटं ओली होतात, मग आधीपेक्षा जास्त गार. लांबच्या रस्त्याला हे करू नका. त्यापेक्षा लोकरीचे आत आणि वरून मोठ्या मापाचे रेनकोटाच्या कापडाचे. वारा अडला की निम्मं काम झालं.

राजदूतप्रेमी
राजदूत कोणत्या सालची? १७५ ना? तो सिलिंडर सरळ उभा, समोर, पंख्यांसारख्या पात्या. हात शेकायला त्याच्यासारखी गाडी परत झाली नाही. हल्लीच्या गाड्यांना सगळं प्लॅस्टिकने झाकलेलं.

गोदाकाठची
@राजदूतप्रेमी साल दादांना विचारून सांगते. १७५ च.

डॉक्टर_विदर्भ
@कारखाना_शिफ्ट, तुमचा पेपर हातांना ऊब देतो ते अगदी खरं आहे. छाती-पोट गार पडू लागलं की शरीर हातापायांच्या बारीक रक्तवाहिन्या आवळून घेतं, रक्त आतल्या अवयवांसाठी राखतं. बोटं त्यात आधी जातात. म्हणजे जाड हातमोजे आणि वर उघडा गळा असं केलं तर हातमोजे वाया. गळ्याला मफलर, छातीवर वारा न शिरणारं काहीतरी, मग हात.

दुसरं, वाऱ्याचं. हवा १० अंश असेल आणि तुम्ही ताशी ६० ने चालला असाल तर उघड्या कातडीला साधारण ५ अंशांसारखं लागतं. वेग ४० वर आणलात तर थोडं सुसह्य होतं आणि ब्रेकलाही वेळ मिळतो. बधिर बोटाला लीव्हर किती दाबला ते कळत नाही, खरा धोका तिथे आहे.

आणि हातमोजे घट्ट नकोत. आत बोटं हलली पाहिजेत. घट्ट मोज्यात रक्तच फिरत नाही.

तणसाची_शेकोटी
गोंदियाकडचा आहे मी. आमच्याकडे धानाची तणस पेटवून रस्त्याच्या कडेला शेकोटी असतेच, अनोळखी माणूसही गाडी लावून बसतो, कोणी कोण म्हणून विचारत नाही. माझे मामा तिथेच बसून दोन गावांची भांडणं मिटवायचे 😀 हात शेकून झाले तरी उठत नसत.

डॉक्टर_विदर्भ
@तणसाची_शेकोटी बसा, जरूर बसा. फक्त बोटं पूर्ण बधिर असतील तर जाळाजवळ एकदम धरू नका. भाजलेलं कळत नाही. आधी काखेत, मग जाळ. घरी असाल तर कोमट पाणी.

सायकलट्यूब
गॅरेज आहे माझं, तीस वर्षं. तीन गोष्टी सांगतो.
डावा हात उजव्यापेक्षा जास्त गारठतो असं गिऱ्हाईक सांगतात ते खोटं नाही. उजवीकडे ॲक्सिलरेटरच्या मुठीखाली प्लॅस्टिकची नळी असते, डावीकडे मूठ थेट लोखंडी हँडलवर. लोखंड ऊब ओढून घेतं. डाव्या मुठीवर सायकलची जुनी ट्यूब चढवा, फुकटात काम.
ब्रेक आणि क्लचचे लीव्हर. दोन बोटं कायम लीव्हरवर ठेवायची सवय चांगली, पण थंडीत तीच दोन बोटं आधी जातात. त्यावरही ट्यूबचा तुकडा, मात्र लीव्हर पूर्ण दाबला जातोय ना, मोकळा सुटतोय ना हे जागेवर तपासा.
आणि त्या हँडलच्या पिशव्या. ताई, तुमच्या आईंनी रेक्झिन लावलं ते फार बरोबर केलं. पिशवी लेचीपेची असली की वेगात वाऱ्याने मागे दबते आणि पुढचा ब्रेक आपोआप लागतो. माझ्याकडे असा एक मुलगा आला होता, ब्रेक सतत घासून डिस्क तापून निळी झालेली. पडला नाही हे नशीब. पिशवी ताठ हवी आणि तोंड मोठं हवं, हात झटकन बाहेर आला पाहिजे.

दिल्लीतली_पुणेकर
अय्या, आमच्याकडे दिल्लीत थंडी सुरू झाली की ह्या पिशव्या फुटपाथवर ढिगाने असतात! आत केसाळ अस्तर. निम्म्या दुचाकींना लागलेल्या दिसतात. मी पहिल्या वर्षी पाहिल्या तेव्हा वाटलं कसलं ध्यान दिसतंय हे. जानेवारीतल्या पहिल्या धुक्यात ऑफिसला गेले आणि संध्याकाळी घेऊन आले. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवल्या तर म्हणते, "अगं, गाडीला पण स्वेटर?"

मिसळ_आणि_मी
टपरीवर थांबल्यावर चहा आधी प्यायचा नाही. ग्लास दोन्ही हातांत धरायचा, तोंडाजवळ न्यायचा, वाफ घ्यायची. चहा गार झाला तरी चालेल. दुसरा घ्यायचा.

कारखाना_शिफ्ट
+१ दुसऱ्या चहाला

पांढरी_बोटं
मला हे सगळं वाचून थोडं रडू आलं, कारण मला वाटायचं की मीच नाजूक आहे. माझी दोन-तीन बोटं थंडीत एकदम पांढरी पडतात, खडूसारखी, मग निळसर, आणि घरी आल्यावर लाल होऊन अशी ठणकतात की बोलवत नाही. सासरी सगळे म्हणायचे, "सवय होईल." सहा वर्षं झाली नाही सवय. गेल्या वर्षी डॉक्टरांनी त्याला रेनॉ म्हणतात असं सांगितलं आणि स्कूटर चालवताना बोटं वेगवेगळी असलेले नव्हे, चार बोटं एकत्र राहतील असे मोजे घालायला सांगितले. बोटं एकमेकांना ऊब देतात. खरंच देतात. ब्रेक मात्र आधी मोकळ्या मैदानात दाबून बघितला, सवय व्हायला आठवडा गेला.

पहाटपाळी
@पांढरी_बोटं तू नाजूक नाहीस गं. आमच्या वॉर्डातल्या एका ताईंना आहे हे. सिगरेटचा धूरसुद्धा टाळ म्हणून सांगितलंय त्यांना, घरातल्या दुसऱ्या कोणाचा असला तरी.

पांढरी_बोटं
@पहाटपाळी 🙏 आज घरी वाचून दाखवते.

खारदुंगला_एकदा
लडाख, जूनचा शेवट. खारदुंगला, साडेसतरा हजार फूट. खालून निघालो तेव्हा ऊन होतं. वर चढताना वितळलेल्या बर्फाचा ओहोळ रस्त्यावरून वाहत होता, त्यात गाडी घसरली, हातमोजे भिजले. ओल्या मोज्यांत पुढची वीस मिनिटं. वर पोचलो तेव्हा हेल्मेटचा पट्टा सोडवता येईना. सोबतच्या मित्राने माझे मोजे काढले, माझे हात स्वतःच्या जॅकेटमध्ये, काखेत धरून उभा राहिला. दहा मिनिटं दोघेही काही बोललो नाही. बोटं सुटायला लागली तेव्हा नखांखाली जी कळ आली ती आयुष्यात विसरणार नाही. तेव्हापासून मोज्यांचा दुसरा कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत, सीटखाली. पुण्यातसुद्धा.

राजदूतप्रेमी
असा मित्र सांभाळा.

श्टुटगार्ट
इकडे जर्मनीत गरम होणाऱ्या मुठी बसवून घेतल्यात, बटण दाबलं की तळवा उबदार. पण बोटांची मागची बाजू वाऱ्यातच राहते, म्हणून पुढे हँडगार्ड हवाच. भारतातल्या लहान गाडीला बसवायच्या असतील तर मेकॅनिककडून आधी विचारून घ्या, बॅटरीवर भार येतो. इंजिन बंद असताना चालू राहिल्या तर सकाळी स्टार्टर रडतो.

द्राक्षबाग
@गोदाकाठची आम्ही पिंपळगावकडचे. २०१८ च्या डिसेंबरअखेर निफाडला पारा दोनच्याही खाली गेला होता, आठवतं? मणी तडकू नयेत म्हणून रात्रभर बागेत शेकोट्या आणि पहाटे ठिबक चालू. विहिरीचं पाणी त्या वेळी बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी उबदार असतं. दूधवाले आमच्या बांधावर थांबायचे, पाइपाच्या तोंडाशी हात धरायचे. हाताला वाफ यायची. आमची आजी घरातून कोरडा पंचा घेऊन उभी असायची, कोरडे केल्याशिवाय गाडीला किक मारू द्यायची नाही.

गोदाकाठची
@द्राक्षबाग आठवतं की! त्या वर्षी आमच्या बादलीवरच्या पाण्याला पापडी आली होती.

ठाण्याची_सुगरण
आमच्या ठाण्यात कसली थंडी. पण मुलगा नाशिकला इंजिनीअरिंगला आहे, त्याच्यासाठी पिशव्या शिवायच्या म्हणते. मापं मिळतील का? आणि दाभण इथे कुठे मिळेल?

सायकलट्यूब
दाभण चांभाराकडे. नाहीतर सीटकव्हरवाल्याला कापून द्या, तो मशीनवर मारून देईल.

गोदाकाठची
@ठाण्याची_सुगरण आत्ताच आईला फोन केला. चौदा इंच लांबी, तोंडाशी सात-आठ इंच रुंदी, आरशाच्या दांडीसाठी वर काप द्यायचा आणि आतल्या टोकाला नाडी. तोंडाला लवचीक पट्टी लावू नकोस म्हणाली, हात अडकतो.
@राजदूतप्रेमी गाडी १९८३ ची.

दादांनी मागून फोन घेतला. म्हणाले, "डाव्या पिशवीचं तिला सांग." मला माहीतच नव्हतं. दूध घालून परत निघताना ते जिलबीची गरम पुडी त्या पिशवीच्या तळाशी ठेवायचे. आम्ही तिघी बहिणी दारात वाट बघत असायचो. पुडी घरी येईपर्यंत कोमट राहायची आणि पंचवीस किलोमीटर दादांचा डावा हात त्या पुडीवर.

मिसळ_आणि_मी
पंचवटीत कुठली जिलबी? दुकान आहे का अजून?

गोदाकाठची
विचारते थांबा, आता झोपलेत ते.