मदत हवी आहे: रात्रपाळीनंतर डोक्यातला वॉर्ड बंद कसा करावा?

मी एका अध्यापन रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात गेली ११ वर्षे अधिपरिचारिका म्हणून काम करते. अशा रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात ३ रुग्णांमागे १ परिचारिका असावी, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. आमच्याकडे रात्री ४२ खाटांना आम्ही दोघीच असतो. त्यामुळे हा ताण माझ्या मनाच्या दुबळेपणातून आलेला नाही, हे मला कळते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ साली बर्नआउटला आजार न म्हणता, कामाच्या ठिकाणी आटोक्यात न आलेल्या दीर्घ ताणाची परिणती म्हटले आहे. तरीही मनुष्यबळ वाढेपर्यंत तग धरायचा आहे, म्हणून विचारते.

झोपेपुरते काही उपाय मी शोधले. पहाटे ३ नंतर चहा घेत नाही, कारण त्यातले जवळजवळ निम्मे कॅफीन ५ तासांनीही शरीरात असते. सकाळी घरी जाताना काळा चष्मा लावते आणि खोलीला जाड पडदे केले आहेत. एवढ्याने साडेतीन तासांची झोप पाच तासांवर आली. (दारावरची बेल दुपारपर्यंत बंद ठेवणे हा सर्वांत गुणकारी उपाय ठरला, सासूबाईंना मात्र तो अजून पटलेला नाही.)

अडते ते झोपेच्या आधी. ओव्हर देऊन (म्हणजे पुढच्या पाळीकडे रुग्णांची माहिती सोपवून) बाहेर पडले तरी कोणाचे सलाईन संपत आले असेल, १७ नंबरच्या आजोबांची लघवी चार्टवर लिहिली की राहिली, हे बसमध्येही डोक्यातून जात नाही, आणि पहाटे एखादा रुग्ण दगावला असेल तर त्याच्या नातेवाइकांचा आक्रोश दिवसभर कानात राहतो. रुग्णालयाने आम्हाला ध्यान शिकवले, पण डोळे मिटले की मला मॉनिटरच ऐकू येतो. बरोबरच्या सिस्टरशी बोलत स्टँडपर्यंत चालले की हलके वाटते. मात्र पाळ्या बदलल्या की ती सोबत सुटते.

ओव्हर आणि अंथरूण यांच्यामधल्या त्या दीड तासात तुम्ही नेमके काय करता? रुग्णाच्या मृत्यूनंतर पाळीतल्या सर्वांनी दहा मिनिटे एकत्र बसण्याची पद्धत कोणाच्या वॉर्डात आहे का, आणि असल्यास ती इन्चार्ज सिस्टरांच्या गळी कशी उतरवली? टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. कामाच्या ताणासाठी तेथे फोन केलेल्या कोणी असल्यास पहिल्या संभाषणात काय विचारतात, तेवढे कृपया कळवावे.