पेट्रोल-सीएनजी पिकअप मिसिंग करते: कॉइल-इंजेक्टर बदलायच्या आधी काय तपासायचं?

काटोल_कळमना

छोटी पिकअप, १.२ लिटर, चार सिलिंडर, सीएनजी कंपनीतूनच बसवलेलं. ९२,००० किमी झाले. काटोलहून संत्र्याचे क्रेट भरून नागपूरच्या कळमना बाजारात येताना चढावर चौथ्या गियरमध्ये झटके मारते आणि चेक लाइट लुकलुकतो. रिकामी असली की रस्त्याने बरी पळते, पण सिग्नलवर स्लोला उभी राहिली की थरथरते. स्कॅनरवर दोन कोड: पी०३०० (मिसिंग, म्हणजे इंधन नीट न जळणं, एकाहून जास्त सिलिंडरमध्ये) आणि पी०३०२ (दुसऱ्या सिलिंडरमध्ये). मिस्त्री म्हणतात चारही कॉइल (प्लगला करंट देणाऱ्या) आणि चारही इंजेक्टर (इंधन फवारणारे) टाका. एवढा खर्च करण्याआधी स्वतः काय तपासता येईल? मल्टिमीटर आहे, कॉम्प्रेशन गेजही मिळेल.

ट्यूनिंग_वाडी

भाऊ, आधी त्या लुकलुकण्याचं बघा. लाइट नुसता पेटून राहणं वेगळं आणि लुकलुकणं वेगळं. लुकलुकतो तेव्हा न जळालेलं इंधन सायलेन्सरमध्ये जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटत असतं, आणि आतली जाळी वितळू शकते. तसं झालं तर कॉइलपेक्षा कितीतरी महाग पडेल. लाइट लुकलुकला की अ‍ॅक्सिलरेटर सोडा, गियर खाली घ्या, आणि दुरुस्ती होईपर्यंत माल कमी भरा.

पी०३०२ इतकंच सांगतो की दुसऱ्या सिलिंडरच्या पाळीला क्रँक मंदावतो. त्यामागे कॉइल आहे, इंजेक्टर आहे की व्हॉल्व्ह, हे कोडमध्ये लिहिलेलं नसतं. म्हणून सुटे भाग आणायच्या आधी अदलाबदल करा. इंजिन थंड करून दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर आणि दुसऱ्याचा प्लग चौथ्यात लावा. कोड पुसा, गाडी फिरवा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल, पी०३०४ झाला तर प्लग. दुसऱ्यावरच राहिला तर दोन्ही निर्दोष. यात एक रुपयाही लागत नाही. मात्र मे महिन्यातल्या नागपुरी उन्हात कॉइल तापल्यावरच दगा देते, तेव्हा चाचणी इंजिन चांगलं गरम झाल्यावर घ्या, सकाळच्या गारव्यात नाही.

कोणता सिलिंडर काम करत नाही हे पाहायला चालू इंजिनवर कॉइल उपटू नका. झटका बसतो, कॉइल जळू शकते, आणि कच्चं पेट्रोल परत कन्व्हर्टरमध्येच जातं. गाडी पेट्रोलवर ठेवून एकेका इंजेक्टरचं कनेक्टर काढा. ज्याचं काढल्यावर इंजिनच्या आवाजात फरक पडत नाही, तो आळशी सिलिंडर. पेट्रोल इंजेक्टरचा रेझिस्टन्स साधारण १२ ते १५ ओहम येतो. आकड्यापेक्षा चारही सारखे आहेत का ते महत्त्वाचं.

प्लग काढताना त्याच्या विहिरीत तेल किंवा पाणी साचलंय का बघा. तेल असेल तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलंय. पावसाळ्यात इंजिन धुतल्यावर सुरू झालेलं मिसिंग बरेचदा इथलंच पाणी असतं. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर काळी बारीक रेघ दिसली तर स्पार्क तिथून बाहेर पळतोय: प्लग आणि कॉइलचा रबरी बूट दोन्ही बदला, एकच बदलला तर रेघ परत उमटते.

गॅसकिट_हिंगणा

वरचं सगळं बरोबर, पण एक प्रश्न आधी विचारायला हवा होता: मिसिंग दोन्ही इंधनांवर आहे की फक्त गॅसवर? एक चक्कर निव्वळ पेट्रोलवर मारा.

फक्त गॅसवर असेल तर गॅसचा कमी दाबाचा फिल्टर बघा. गॅस पंपावरच्या कॉम्प्रेसरचं तेल तिथे साचतं, आणि लोडवर गॅस पुरत नाही. हे काम पेट्रोलच्या फिल्टरसारखं उघड्यावर करू नका. गॅसच्या टाकीचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करून लाइनमधला गॅस इंजिन चालवून संपवा, आणि जास्त दाबाच्या बाजूला तर अधिकृत किटवाल्याशिवाय पाना लावायचाच नाही. तिथे २०० बार असतात.

प्लगचा गॅप (ठिणगी पडते ती फट) मोजलाय का? गॅसच्या मिश्रणात ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. रिकाम्या गाडीत झिजलेला प्लग निभावून नेतो. चढावर सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगी तुटते. सीएनजीवर साधारण ०.७ ते ०.८ मिमी गॅप चांगला, पण अखेरचा शब्द तुमच्या गाडीच्या पुस्तकाचा. इरिडियम प्लग असेल तर मधल्या टोकाला फीलर गेज टेकवून वाकवू नका, बारीक सुईसारखं टोक तुटतं. नवा प्लग हाताने शेवटपर्यंत फिरवून मग पान्याने अर्धा फेरा. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये जोर केला तर आटे जातात.

काटोल_कळमना

केलं सगळं. मिसिंग दोन्ही इंधनांवर. प्लगचा गॅप चारही ठिकाणी १.२ मिमीच्या आसपास निघाला, नवे ०.८ वर लावले. चढावरचे झटके आणि पी०३०० गेले. पण स्लोवर थरथर आणि पी०३०२ तसाच. कॉइल फिरवून फरक नाही. २,५०० आरपीएमवर गुळगुळीत चालते. कॉम्प्रेशन: १८०, १२०, १७५, १८० पीएसआय. दुसऱ्यात चमचाभर ऑइल टाकून १२५.

ट्यूनिंग_वाडी

म्हणजे दोन दुखणी एकत्र होती. लोडवरचं प्लगचं, स्लोवरचं दुसऱ्या सिलिंडरच्या कॉम्प्रेशनचं. आता कॉइल-इंजेक्टरचा विषय मिटला.

ऑइल टाकल्यावर कॉम्प्रेशन बरंच वाढलं असतं तर पिस्टनची रिंग म्हटलं असतं. तुमचं जेमतेम ५ ने वाढलं, त्यामुळे संशय व्हॉल्व्हवर. स्लोला प्रत्येक स्ट्रोकला वेळ जास्त मिळतो म्हणून गळती जाणवते, आरपीएम वाढला की झाकली जाते. आकडे घेताना चारही प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि बॅटरी भरलेली होती ना? नसेल तर परत घ्या.

हेड उतरवायच्या आधी टॅपेटचं क्लिअरन्स (कॅम आणि टॅपेटमधली फट) मोजा, तेही इंजिन रात्रभर थंड झाल्यावर. सीएनजी कोरडं इंधन आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि क्लिअरन्स कमी होत जातो. शून्यावर आला की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कडेने गरम गॅस निसटतो आणि व्हॉल्व्हची कड जळते. टॅपेटचा आवाज येत नाही म्हणून लोक खूश असतात, पण सीएनजीत गप्प टॅपेटचीच काळजी करायची.

हायड्रॉलिक टॅपेट (फट स्वतःच भरून काढणारे) नसून बकेट (व्हॉल्व्हवर बसणारी ठराविक जाडीची वाटी) असेल तर हिशेब सोपा: नवी जाडी = जुनी जाडी + मोजलेला क्लिअरन्स − हवा असलेला क्लिअरन्स. समजा जुनी ३.४२, मोजला ०.१०, पुस्तकात ०.३०, तर ३.२२ मिमीची बकेट लागेल. कॅमशाफ्ट काढायच्या आधी चेन आणि स्प्रॉकेटवर खुणा करा आणि नुसत्या आठ एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे नव्हे, सोळाच्या सोळा व्हॉल्व्हचे आकडे कागदावर लिहा. मिस्त्रीकडून करून घेत असाल तर तो कागद मागून घ्या.

गॅसकिट_हिंगणा

क्लिअरन्स लावून कॉम्प्रेशन परत घ्या. १७० च्या वर आलं तर वेळेत सुटलात. १२० वरच राहिलं तर दुसरा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (सगळ्यात वरच्या टोकाला) आणून, गियर न्यूट्रलला ठेवून, प्लगच्या भोकातून हवा भरा. इंजिन अचानक फिरू शकतं, बेल्टजवळ हात नको. सायलेन्सरमधून सूं आवाज आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलमधून आला तर इनटेक, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. मग हेड उतरवावंच लागेल. अशा वेळी नुसता व्हॉल्व्ह बदलून भागत नाही, सीटही कापून किंवा बदलून घ्या. गॅस्केट नवं, आणि ताणून कसायचे हेड बोल्ट असतील तर तेही नवे.

हे सगळं होऊनही चढावर गाडी दमली, तर कन्व्हर्टर बघा. पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून तिथे प्रेशर गेज लावा. २,५०० आरपीएमवर ३ पीएसआयच्या वर गेलं तर आतली जाळी चोंदली.