तारीख उलटलेली पॅड्स: वापरलीत, फेकलीत, की अजून कपाटात आहेत?

परवा माळ्यावरची बॅग उतरवली तर आत पॅडची अकरा पाकिटं! मार्च २०२० ची खरेदी. टाळेबंदी लागली तेव्हा जीवनावश्यक वस्तूंच्या यादीत सॅनिटरी पॅड नव्हते, आठवतंय? मार्च संपता संपता केंद्राने खुलासा केला, पण तोवर मी घाबरून कोपऱ्यावरच्या दुकानातलं दिसेल ते उचललं होतं. त्याच वर्षी मला पाळीचा कप (आत बसवायचा, धुऊन पुन्हा वापरायचा) जमला आणि पाकिटं माळ्यावर गेली ती गेलीच. वर छापलंय: उत्पादन जानेवारी २०२०, तेव्हापासून ३६ महिने. लेक म्हणते, "ई, टाक." आई म्हणते, "कापसाला कसली आलीय एक्स्पायरी?" मला दोघींचंही पटतंय, हीच पंचाईत. तर मैत्रिणींनो, त्रास झाला असेल, काहीच झालं नसेल, दोन्ही लिहा. फक्त ऐकीव नको, स्वतःचं हवं.

चिपळूणवाली
माझ्या पाकिटाची तारीख गेलेलीच नव्हती, वर्षभर बाकी होतं. पण पाकीट उघडं, ठेवलेलं न्हाणीघरातल्या फळीवर, आणि महिने जून ते ऑगस्ट. आमच्याकडे त्या दिवसांत भिंतींना ओल येते, चपलांना बुरशी येते, पॅड काय चीज आहे! गणपतीत पाळी आली (दरवर्षी येतेच, बाप्पाचं आणि माझं काय वाकडं आहे कोण जाणे). पॅड काढलं तर कडेला राखाडी ठिपके आणि कुबट वास. ते एक फेकलं, बाकीची बरी दिसली म्हणून वापरली. तिसऱ्या दिवशी जांघेत पुरळ, आणि खाज अशी की आरतीला उभं राहवेना. डॉक्टरीणबाईंनी तारीख विचारलीच नाही. विचारलं, "पॅड ठेवता कुठे?" आता घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवते. डबा चकलीचा होता, त्यावरून सासूबाईंचं अजून अधूनमधून ऐकते.

मेडिकलवाली
तालुक्याच्या गावी आमचं औषधाचं दुकान आहे. खोकल्याच्या बाटलीची तारीख गिऱ्हाईक तीनदा बघतं, पॅडची आजवर एकीनेही बघितलेली नाही. कागदात गुंडाळून घेतलं की निघाल्या. तारीख गेलेला माल आम्ही वेगळ्या खोक्यात टाकतो, कंपनीकडे परत जातो. त्यातली दोन पाकिटं एकदा मी घरी नेली, सहा महिने उलटून गेलेली, सीलबंद. खाज नाही, पुरळ नाही, शोषायलाही ठीक. पण गोंद मेलेला! विंग्ज चिकटेनात. नणंदेच्या हळदीला पॅड सरकत सरकत पार मागे गेलं आणि मी पिवळी साडी सावरत दोन तास भिंतीला पाठ लावून उभी. पुढचं सांगत नाही.

तपासनीस
पॅडच्या कारखान्यात तपासणी विभागात चार वर्षं होते, म्हणून थोडं लांबण लावते. धागाकर्तीच्या आईंना सांगा, बहुतेक पॅडमध्ये कापूस नसतोच. वरचा मऊ थर पॉलिप्रॉपिलीनचा. आत लाकडाचा लगदा आणि त्यात सोडियम पॉलिअक्रिलेटचे बारीक दाणे, हेच ओल धरून जेलसारखे फुगतात. खाली पॉलिथिनचा पातळ पडदा. आपल्याकडे पॅडसाठी आयएस ५४०५ हे मानक १९६९ पासून आहे, २०१९ मध्ये ते सुधारलं. आम्ही रंगीत द्रव ओतून, वर वजन ठेवून, खालून कडेने काही बाहेर येतंय का ते बघायचो.

पाकिटावरच्या तारखेचा अर्थ एवढाच, की तोवर गोंद, शोषण आणि वेष्टन यांची जबाबदारी बनवणाऱ्याची. दुसऱ्या दिवशी पॅडचं विष होत नाही. पण ते दाणे हवेतला दमटपणाही ओढतात. वेष्टन फाटलं की आत गुठळ्या होतात, आणि ओल लगद्यापर्यंत पोचली की बुरशीला आयतं घर. शिवाय पॅड निर्जंतुक नसतं, नवंकोरं असलं तरी. स्वच्छ असतं, एवढंच. मी स्वतः सीलबंद, कोरडं, वर्षभर उलटलेलं वापरलंय. फुटलेलं पाकीट तारखेच्या आतलं असलं तरी वापरत नाही.

रात्रपाळी
वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण हे सगळं पॅडचं झालं. पॅड बाहेर असतं, टॅम्पोन म्हणजे शोषून घेणारी गुंडाळी, ती योनीच्या आत जाते, दोघांना एक माप नको. मी नर्स आहे. १९८० मध्ये अमेरिकेत टॉक्सिक शॉक सिंड्रोमने तरुण मुली दगावल्या, तेव्हा 'रिलाय' नावाचा टॅम्पोन सप्टेंबरात बाजारातून काढून घ्यावा लागला होता. त्याचं कारण तारीख हे नव्हतं. जास्त शोषणारा टॅम्पोन फार वेळ आत राहायचा आणि स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूच्या विषाला वाव मिळायचा. म्हणून तो ताजा असो की जुना, आठ तासांच्या वर नाही. वेष्टन फाटलेला असेल तर वास घेऊन बघत बसू नका, फेका. आणि टॅम्पोन असताना एकदम जोराचा ताप, उलट्या, चक्कर, अंगावर उन्हाने भाजल्यासारखी लाली आली तर तो काढायचा आणि थेट दवाखाना गाठायचा. घरी वाट बघायची नाही.

माझा स्वतःचा अनुभव? वॉर्डातल्या कपाटातली तारीख गेलेली पॅड्स आम्ही सगळ्याजणींनी वापरलीत. रात्री दोनला कोण तारीख बघतं!

एडिनबराची सातारकरीण
स्कॉटलंडमध्ये १५ ऑगस्ट २०२२ पासून पाळीच्या वस्तू फुकट मिळण्याचा कायदा लागू आहे. 'फुकट' म्हटल्यावर माझ्यातली सातारकरीण जागी झाली. वाचनालयातून आण, विद्यापीठातून आण. आता प्रत्येक कोटाच्या खिशात वेष्टन विरलेला एक टॅम्पोन. रात्रपाळीताईंचा प्रतिसाद वाचून आत्ता सात फेकले.

शिरोळ
२०१९ च्या ऑगस्टात महापूर आला तेव्हा आम्ही एका शाळेत मदतीची गाठोडी सोडवत होतो. पॅड भरपूर आली होती, पण त्यात निम्मी वापरून उरलेली उघडी पाकिटं, पाच वर्षांपूर्वीच्या तारखा, एकावर तर घरातल्या हळदीचे डाग. देणाऱ्यांनी कपाट रिकामं केलं, दुसरं काय. आम्ही बाजूला काढेपर्यंत काही बायकांपर्यंत पोचलीही. एक मावशी परत घेऊन आल्या, म्हणाल्या, "बाई, ह्यापेक्षा फडकं द्या." फडकं दिलं. पण चार दिवस ऊन नव्हतं, वाळवायचं कुठे? वर्गात, पुरुषमाणसांसमोर दोरी बांधून? ओलंच वापरलं काहीजणींनी. डॉक्टरांचं पथक आलं तेव्हा खाजेच्या तक्रारी किती निघाल्या, मोजल्या नाहीत. आपल्या घरी सीलबंद जुनं पॅड वापरायचं की नाही हे आपण ठरवावं. दुसऱ्याला देऊ नये, एवढं माझं मत पक्कं आहे.

जुना कप
माझ्या कपावर तारीखच नाही. नऊ वर्षं झाली, पिवळट पडलाय. रंगाचं काही नाही. चिकट लागला, चीर दिसली, की बदलायचा. दर पाळीआधी उकळते. त्याचं पातेलं वेगळं, नवऱ्याने एकदा त्यात मॅगी केली होती.

बावन्न
दहा महिने पाळी नव्हती. गेली एकदाची म्हणून हलकं वाटलं होतं, आणि एका मंगळवारी बँकेत उभी असताना परत. घरी येऊन कपाटाच्या तळातलं पाकीट काढलं, तारीख दोन वर्षं उलटलेली. वापरलं, काही झालं नाही. डॉक्टरांनी मात्र नीट समजावलं: अजून असं मागेपुढे होईल, पण सलग बारा महिने कोरडे गेल्यावर ठिपका जरी दिसला तरी तपासायला यायचं. आता चौदा महिने झालेत. त्या पाकिटातली तीन पॅड्स अजून तिथेच आहेत. का ठेवलीत विचारू नका.

धागाकर्ती
सगळं वाचून काल पाकिटं जमिनीवर मांडली. दोन उंदराने कुरतडलेली, ती गेली. एकाचं प्लॅस्टिक हात लावताच तडकलं, तेही. आठ सीलबंद. एक फोडून वास घेतला, नुसता कागदाचा. चिकटपट्टीचा कागद सोलला तर गोंद कागदाबरोबरच निघून आला. पाणी ओतलं, अर्धी वाटी मुकाट पिऊन टाकली पठ्ठ्याने. शेवटच्या दोन दिवसांना, घरातल्या घरात, मी वापरेन. लेकीसाठी नवीन आणली.

आईने मात्र त्यातली तीन पाकिटं न विचारता पिशवीत घातली. मी म्हटलं, "तुला गं कशाला?" तर म्हणे, "फ्रीज गळतोय माझा."