जळगावच्या पियानो कार्यक्रमात मध्येच पडलेल्या टाळ्या: चुकलं कोणाचं?

तापीकाठ

रविवारी जळगावात पियानोचा कार्यक्रम झाला. वाद्य एक, बाक एक, त्यावर मुंबईचं नवरा-बायकोचं जोडपं आणि चार हात. सगळं एकोणिसाव्या शतकातलं रोमँटिक संगीत: शूबर्टची एफ मायनरमधली फँटसी, ब्राम्सचे हंगेरियन डान्स, ड्वोर्झाकचा एक स्लाव्होनिक डान्स आणि शेवटी थोडा रॅखमनिनॉफ. हे आपल्या भागात रोज ऐकायला मिळत नाही, म्हणून चोपड्याहून गाडी काढून गेलो. कलाकारांची नावं घेत नाही, कारण तक्रार त्यांच्याबद्दल नाहीच.

तक्रार ऐकणाऱ्यांबद्दल आहे. शूबर्टची ही रचना अठरा-वीस मिनिटांची. भाग चार, पण मध्ये थांबत नाहीत, एकातून दुसरा निघतो. शेवटच्या भागात फ्यूग येतो. म्हणजे एकच धून एकामागून एक वेगवेगळ्या पट्ट्यांत शिरत जाते आणि सुरांची नुसती दाटी होते. ती दाटी टोकाला पोचते आणि एकदम तुटते. क्षणभर काहीच नाही. मग अगदी सुरुवातीची धून परत येते, आणि माझ्या मते सगळी रचना त्या परत येण्यासाठीच लिहिलेली आहे.

नेमका त्या क्षणात टाळ्यांचा कडकडाट! पुढच्या रांगेतले दोघे तर उठून उभे राहिले. बाईंचे हात तसेच वर थांबले होते. थोडं थांबून त्यांनी सुरुवात केली, पण टाळ्या ओसरेपर्यंत परत आलेली धून निम्मी निघून गेली होती.

संगीत न कळणं गुन्हा नाही. पण वाजवणाऱ्याने हात खाली घेतलेत की नाहीत, हे पाहायला संगीत कळावं लागत नाही. डोळे उघडे असले की पुरे. बोला.

रावेरची केळी

बोलतो. टाळ्या वाजवणाऱ्यांतला मी एक. उद्या परत गेलो तर परत वाजवीन.

तो शेवटचा भाग ऐकताना अंगावर काटा आला होता. थांबलं तसे हात आपोआप उठले. तुम्ही रचना आधी ऐकून, पाठ करून गेला होता, म्हणून तुम्हाला माहीत की पुढे अजून आहे. आम्ही पहिल्यांदा ऐकत होतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला भरून येण्याचा हक्क आहे की नाही? की तोही आधी परीक्षा देऊन मिळवायचा?

तापीकाठ

भरून येऊ द्या की. भरून आलं तर आवाज करायलाच हवा असं कुठे आहे?

अमळनेरकर

तापीकाठ सर, तुम्ही सांगता तो नियम शूबर्टच्या काळातला नाहीच. मोझार्टने १७७८ मध्ये पॅरिसहून वडिलांना पत्र लिहिलं आहे. त्याच्या सिंफनीच्या, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचनेच्या, पहिल्याच भागात, संगीत चालू असताना, लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याला राग आला नाही. उलट ती जागा लोकांना आवडणार हे माहीत होतं म्हणून त्याने ती शेवटाकडे पुन्हा आणली होती. १८१३ मध्ये बेथोवनच्या सातव्या सिंफनीचा दुसरा भाग पहिल्याच प्रयोगात लोकांनी परत वाजवायला लावला. आपल्या संगीत नाटकातला वन्समोर यापेक्षा काय वेगळा होता? पुतळ्यासारखं बसून ऐकायची शिस्त नंतर आली. शूबर्ट, ब्राम्स यांनी ज्यांच्यासाठी लिहिलं ते लोक आपल्यासारखेच होते.

आणि टाळी पडली नाही की काय होतं तेही ब्राम्सला विचारा. १८५९ मध्ये लाइपझिगला त्याचा पहिला पियानो कॉन्चेर्तो (पियानो आणि वाद्यवृंदाची रचना) झाला, तेव्हा दोन-चार जणांनी टाळ्यांचा प्रयत्न केला आणि बाकीच्यांनी 'हिस्स' करून तो दाबला. कलाकाराला ती शांतता हवी असते का?

तापीकाठ

मोझार्टचं पत्र पुढेही वाचा ना सर. त्याच सिंफनीचा शेवटचा भाग फक्त व्हायोलिनने, हळू आवाजात सुरू होतो. आठ आवर्तनं तसंच. तेव्हा पॅरिसच्या लोकांनी एकमेकांना 'श्शू' करून गप्प केलं, आणि सगळा वाद्यवृंद जोरात आला तेव्हा टाळ्या वाजवल्या. म्हणजे ते आवाज करत होते, पण हळू जागा आली की कान टवकारत होते. आपल्याकडे उलटं झालं. जोराच्या जागी गप्प बसलो आणि शूबर्टने मुद्दाम मोकळी ठेवलेली जागा भरून काढली.

पेटीवाली ताई

अमळनेरकर सरांचा इतिहास बरोबर आहे, तरी मी तापीकाठ भाऊंच्या बाजूची. कारण वेगळं आहे, पाश्चात्त्य रीतिरिवाजाशी त्याचा संबंध नाही.

पेटीच्या भाषेत सांगते. एफ म्हणजे पांढरी चार. रचना तिथे सुरू होते. पहिली धून पंचमावरून (प) वरच्या षड्जावर (सा) जाते, गंधार (ग) कोमल. थोड्या वेळाने तीच धून शुद्ध गंधाराने येते आणि खोलीत कोणी दिवा लावल्यासारखं वाटतं. मग मधले दोन भाग एफ शार्प मायनरमध्ये, म्हणजे काळी तीन. षड्जच अर्ध्या सुराने वर सरकला! आपल्याकडे तानपुरा एकदा लागला की रात्रभर सा तोच. त्यामुळे मधली आठ-दहा मिनिटं आपला कान अधांतरी असतो. माझ्या शेजारच्या काकू हळूच म्हणाल्या, "काहीतरी बिघडलं का गं?" काहीही बिघडलं नव्हतं. त्यांच्या कानाने बदललेला सा बरोबर पकडला होता. सभागृहातली सगळ्यात जाणकार दाद मला तीच वाटली.

शेवटच्या भागात पांढरी चार परत येते. आणि फ्यूग तुटतो तो कशावर? पंचमावर. षड्जावर नाही. आता मला सांगा, जळगावात बालगंधर्व महोत्सवात रात्र-रात्र बसणारे आपण, बंदिश पंचमावर सोडली तर संपली समजतो का? तिहाई एक मात्रा अलीकडे पडली तरी आपल्या माना हलायच्या थांबतात. हे ज्ञान आपल्याकडे आधीच होतं, ते पियानोसमोर बसल्यावर आपण घरी ठेवून आलो. "हे इंग्रजी, आपल्याला काय कळणार" म्हणून. माझा राग त्यावर आहे.

रावेरची केळी

ताई, पटलं, पण अर्धंच. मैफलीत आपण सम येण्याआधीच "क्या बात है" म्हणतो. गवई थांबतो का? उलट खुलतो. तुमच्या महोत्सवातही तेच चालतं.

पेटीवाली ताई

म्हणतो, पण "क्या बात है" एका श्वासात संपतं आणि गवयाचा सूर चालूच असतो. रविवारच्या टाळ्या किती वेळ चालल्या ते तुम्हीच आठवा. दाद आणि निरोप यांत फरक आहे हो दादा.

बँडवाला पारोळा

मी बी तठे व्हतू. भाऊ, तुमनं बराबर शे, पन आखो एक गोष्ट ऱ्हायनी.

अहिराणी सोडून मराठीतच लिहितो, नाहीतर अमळनेरकर सर व्याकरण काढतील. तीन पिढ्या लग्नाच्या बँडमध्ये आहोत, मी क्लॅरिनेट वाजवतो. ब्राम्सचा पाच नंबरचा डान्स सुरू झाला तेव्हा मी सरसावून बसलो. चाल ओढून धरायची, लोकांना वाटलं आता संपतेय की एकदम सोडायची. वरातीत नाचणारे दमले की आम्ही हेच करतो. तिथे लोकांनी ठेक्यावर टाळ्या धरल्या. वाजवणारे दोघं हसले आणि ओढ अजून लांबवली. त्या टाळ्या कोणाला खटकल्या का? एका टाळीने कार्यक्रम बिघडला, दुसरीने रंगला. म्हणून सरसकट बोलू नका.

दुसरं. बाहेर चहाला सगळे बाईंच्या बोटांचं कौतुक करत होते. बरोबरच आहे, वरची चाल त्यांच्याकडे. पण डावीकडे बसलेल्या माणसाकडे कोणी पाहिलं? खालचे सूर त्याचे, लय त्याची, आणि पायाखालचं पेडलही त्याचंच. चाल बाई वाजवतात, पण तिचा सूर किती वेळ घुमत ठेवायचा ते त्याच्या पायावर. दुसऱ्याच्या हातासाठी आपला पाय चालवणं सोपं नाही. बँडमध्ये खालचे सूर धरणाऱ्या युफोनियमवाल्याला कोणी नोटा ओवाळत नाही, तो एक दिवस आला नाही की मग कळतं.

भुसावळ जंक्शन

सगळे प्रेक्षकांवर घसरलात. आवाजाबद्दल कोणी बोलेना. तो खरा ग्रँड पियानो नव्हता, डिजिटल होता. त्याला माझी हरकत नाही, इथवर ग्रँड आणणं सोपं नाही. पण तो दोन्ही बाजूंच्या मोठ्या स्पीकरांतून हळदीच्या कार्यक्रमाच्या आवाजात सोडला होता. हळू आणि जोरात यांत फरकच उरला नाही. फ्यूगला तर छातीत दणका बसत होता. असा दणका अचानक थांबला की माणूस टाळ्याच वाजवणार. साउंडवाल्याने आवाज निम्मा ठेवला असता तर रावेरकरांचे हात उठले नसते, लिहून देतो.

रावेरची केळी

माझ्या हातांबद्दल तुम्ही कशाला लिहून देता? 😄

नाट्यवेडी

निवेदनाचं काय? अर्धा तास! त्यात शूबर्ट आणि त्याची शिष्या कॅरोलिन एस्टरहाझी यांची प्रेमकहाणी अशी रंगवली की पिक्चरच. "हे दोघे एका बाकावर बसून वाजवायचे, हातांना हात लागायचे" वगैरे. स्टेजवर जोडपं, लग्नसराईचे दिवस, लोक ओळीने मोबाइल काढून बसले. संगीत ऐकायला कोण बसलं होतं? सगळे हाताला हात कधी लागतो ते पाहत होते.

अमळनेरकर

नाट्यवेडीताई, रचना कॅरोलिनला अर्पण केलेली आहे हे खरं. शूबर्ट १८१८ आणि १८२४ च्या उन्हाळ्यांत एस्टरहाझी कुटुंबाच्या मुलींना शिकवायला होता, हेही खरं. प्रेमाचं जे सांगतात ते मित्रांच्या आठवणींवरून. पण त्या कहाणीमुळे पन्नास माणसं जास्त बसली असतील तर मला चालेल.

नाट्यवेडी

मला नाही चालत सर. मे १८२८ मध्ये शूबर्टने ही रचना मित्राला वाजवून दाखवली तेव्हा बाकावर शेजारी कॅरोलिन नव्हती, फ्रान्झ लाखनर होता. दोन बाप्ये! निवेदकाने हे सांगितलं असतं तर लोकांनी हात सोडून सूर ऐकले असते. त्याच वर्षी नोव्हेंबरात शूबर्ट एकतिसाव्या वर्षी गेला, रचना छापून आली १८२९ मध्ये. एवढं दोन वाक्यांत सांगता येतं. आणि एक तिसरं वाक्य हवं होतं: "मध्ये एक छोटा विराम आहे, तिथे थांबा." अर्ध्या तासात ते एक वाक्य बसलं नाही.

तापीकाठ

हे मात्र शंभर टक्के. निवेदकाने ते वाक्य म्हटलं असतं तर मी हा विषय काढलाच नसता.

रावेरची केळी

म्हणजे चूक प्रेक्षकांची नव्हती, असंच म्हणताय ना आता?

तापीकाठ

तसं नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच. पुढच्या रांगेतले ते दोघे सांगूनही उभे राहिले असते, त्यांना व्हिडिओत यायचं होतं.

रावेरची केळी

त्यातला एक माझा मेहुणा. विचारून सांगतो.

धुळेकर

सगळा वाद वाचला. आमची तक्रार वेगळीच: हे कार्यक्रम दर वेळी जळगावलाच का? धुळ्याला आणा. आम्ही टाळ्या वाजवणारच नाही, अगदी संपल्यावरसुद्धा.

पेटीवाली ताई

धुळेकर, डिजिटल आणायचा तर कधीही आणा. खरा आणायचा तर दोनशेच्या वर तारा असतात त्यात. ट्रकमधून उतरला की आधी त्याला त्या हवेत मुरू द्यायचा, मग ट्यूनर बसणार, कार्यक्रमाच्या दिवशी परत एकदा कान लावणार. त्याचं राहणं-जेवण तुमच्याकडे. आणि मे महिना सोडून बोला. तुमच्या चव्वेचाळीस डिग्रीत मी पेटीसुद्धा बाहेर काढत नाही.

धुळेकर

डिसेंबर चालेल? शेवभाजी आमच्याकडून.

भुसावळ जंक्शन

साउंडवाला आमच्याकडून. स्पीकर नाही आणणार, नुसता येऊन बसेल.