मदत हवी आहे : आयात केलेल्या कार्बन फ्रेमवर माउंटन बाइकची जोडणी – बॉटम ब्रॅकेट, मागचा ॲक्सल आणि फोर्क

नमस्कार,

चीनमधील श्यामेन येथील एका विक्रेत्याकडून मागवलेली, २९ इंची चाकांसाठीची कार्बन हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली) फ्रेम हाती आली असून तिच्यावर पूर्ण सायकल स्वतः जोडायची आहे. सायकल पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर, म्हणजे सुटा मुरूम, बसाल्टचे टोकदार दगड आणि पावसाळ्यात टायरला चिकटून राहणारी काळी माती अशा वाटांवर चालेल. उड्या किंवा उतारावरच्या शर्यती यांचा विचार नाही. सुटे भाग मुद्दामच अजून घेतलेले नाहीत. स्वस्त मिळालेली फ्रेम पुढच्या प्रत्येक भागाचे माप ठरवते आणि त्यातले एक माप चुकले तर फ्रेमवर वाचलेले पैसे हब (चाकाचा मधला भाग), क्रँक (पॅडलचे दांडे) आणि हेडसेट (फोर्क ज्यांवर वळतो ती बेअरिंग) बदलण्यातच जातात. म्हणून खरेदीपूर्वी जाणकारांकडून काही बाबी पडताळून घ्याव्यात, असे वाटले.

आधी फ्रेमविषयी. हा साचा कोणा एका ब्रँडच्या मालकीचा नाही. तीच फ्रेम वेगवेगळ्या नावांनी अनेक विक्रेते विकतात. सोबतच्या कागदावर तोरे कंपनीचे टी७०० कार्बन तंतू आणि सायकलींच्या सुरक्षिततेच्या आयएसओ ४२१० मानकानुसार चाचणी, असा उल्लेख आहे. तंतूच्या नावावर मी फारसा विसंबत नाही, कारण थर कोणत्या दिशेने आणि किती रचले आहेत व ते साच्यात कितपत नीट दाबले गेले आहेत, यावर फ्रेमची ताकद निदान तितकीच अवलंबून असते आणि हे कागदावरून कळत नाही. चाचणी अहवाल मागितला तेव्हा तो लगेच मिळाला. परंतु त्यावरचा मॉडेल क्रमांक आणि माझ्या फ्रेमवरचा क्रमांक जुळत नाहीत. विक्रेत्याचे म्हणणे असे की साचा एकच आहे, केवळ विक्रीचा क्रमांक निराळा आहे. हे स्वीकारावे काय?

घरच्या घरी जेवढी तपासणी करता येते तेवढी केली आहे. मोबाइलला जोडायचा छोटा कॅमेरा नळ्यांमध्ये घालून पाहिले. साच्यात आतून दाब देण्यासाठी जी पिशवी फुगवतात तिचे काही सुटे तुकडे निघाले, ते काढून टाकले. सुरकुत्या किंवा कोरडे तंतू दिसले नाहीत. नाण्याने टकटक करून ऐकले, आवाज कोठेही बद्द येत नाही. मागच्या एका ड्रॉपआउटपासून (मागचे चाक बसते ती जागा) हेड ट्यूबला (फोर्क बसतो ती पुढची नळी) वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत दोरा ताणला आणि सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंचे अंतर मोजले. फरक १ मिमीहून कमी आहे.

माझी खरी अडचण बॉटम ब्रॅकेटची, म्हणजे क्रँकचा दांडा ज्यात फिरतो त्या बेअरिंगच्या जोडणीची आहे. फ्रेममधले तिचे कवच प्रेसफिट (ज्यात बेअरिंगचे कप दाबून बसवतात), बीबी९२ प्रकारचे, म्हणजे ४१ मिमी आतील व्यासाचे आहे. आटे असलेल्या बीएसए कवचाची फ्रेम मला अधिक पसंत होती, पण माझ्या मापात ती उपलब्ध नव्हती. व्हर्नियरने मोजल्यावर उजव्या बाजूचा व्यास आडवा ४०.९८ आणि उभा ४०.९२ मिमी, तर डाव्या बाजूचा ४०.९६ आणि ४०.९० मिमी आला. या जोडणीत सारे काही मिलिमीटरच्या शतांश भागांवर ठरते: कप सैल बसला तर प्रत्येक चढावर कुरकुर ऐकावी लागते आणि अति घट्ट बसला तर बेअरिंग आवळले जाऊन लवकर खराब होते. एका दुकानात ‘रीमर फिरवून गोल करून देतो’ असे सांगण्यात आले, त्याला मी नकार दिला. रीमर छिद्र कापून मोठे करतो आणि कार्बनच्या कवचात कापलेले तंतू परत जोडता येत नाहीत. शिमानोचे २४ मिमी दांड्याचे क्रँक वापरण्याचे ठरवले आहे. त्यासाठी साधे प्लॅस्टिकचे दाबून बसवायचे कप घ्यावेत की एकमेकांत आट्यांनी जोडले जाणारे धातूचे कप घ्यावेत? आणि ०.०६ मिमी इतका लंबगोलपणा चालवून घेण्यासारखा आहे काय?

मागचा ॲक्सल (चाकाचा आस) १२ × १४८ मिमी, म्हणजे १२ मिमी जाडीचा आणि १४८ मिमी रुंद हबसाठीचा ‘बूस्ट’ मापाचा आहे, मात्र तो फ्रेमसोबत आला नाही. आट्यांविषयी विचारले असता ‘स्टँडर्ड’ एवढेच उत्तर येते. १२ मिमीच्या ॲक्सलला १.०, १.५ आणि १.७५ मिमी पिच (दोन आट्यांमधील अंतर) असे तीन प्रकारचे आटे प्रचलित असल्याने या उत्तराचा उपयोग नाही. हँगर (मागचा डिरेलर जोडतात तो तुकडा) यूडीएच, म्हणजे अनेक फ्रेमना चालणारा सामाईक प्रकार, नसून या फ्रेमचाच खास आहे, त्यामुळे दोन जादा हँगर आत्ताच मागवले आहेत.

फोर्कच्या बाबतीत, फ्रेम १०० मिमी ट्रॅव्हलसाठी (फोर्क दबण्याचे अंतर) आखलेली आहे. जुन्या सायकलचा फोर्क सरळ स्टीअररचा (हेड ट्यूबमधून जाणारी फोर्कची नळी) आणि क्विक रिलीजचा असल्याने तो वापरता येणार नाही. नवा घ्यायचाच आहे तर १२० मिमीचा घ्यावा, असा मोह होतो. हेडसेटची जागा वर आयएस४२ आणि खाली आयएस५२ (अनुक्रमे ४२ व ५२ मिमी व्यासाची) असल्याचे सांगितले आहे, तथापि बेअरिंगचा कोन कोठेही दिलेला नाही.

गिअरचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. मागचे हब नवेच घ्यावे लागणार असल्याने एचजी फ्रीहबवर (हबचा कॅसेट बसतो तो भाग) ११ गिअरचे ११-५१ दातांचे कॅसेट किंवा मायक्रो स्प्लाइन या दुसऱ्या प्रकारच्या फ्रीहबवर १२ गिअरचे १०-५१, हे दोन्ही मार्ग मोकळे आहेत.

कस्टम्सविषयी अनेक जण विचारतात म्हणून थोडक्यात नोंदवतो. शुल्काची आकारणी केवळ फ्रेमच्या किमतीवर होत नाही. वाहतूक आणि विमा मिळवून येणाऱ्या रकमेवर ती होते आणि शुल्क मिळवून झालेल्या बेरजेवर पुन्हा आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) लागतो. त्यामुळे कुरिअरचा खर्च हिशेबात धरूनच तुलना करावी. विक्रेत्याने बिलावर कमी किंमत लिहिण्याची तयारी दाखवली होती, ती नाकारली.

पहिला प्रतिसाद

तुमच्या व्हर्नियरच्या आकड्यांवर अद्याप काहीही ठरवू नका. व्हर्नियरच्या आतील जबड्यांच्या कडा सपाट असतात, त्यामुळे गोल छिद्रात त्या थोड्या आत टेकतात आणि माप प्रत्यक्षाहून कमी दाखवतात. शिवाय हाताचा दाब बदलला की शतांशाचा आकडाही बदलतो. तुम्ही पुण्यातच आहात, तेव्हा भोसरीच्या एखाद्या लहान मशीन शॉपमध्ये फ्रेम घेऊन जा आणि डायल बोअर गेजने मोजून देण्याची विनंती करा. प्रत्येक बाजूला दोन खोलींवर आणि प्रत्येक खोलीवर दोन दिशांनी माप घ्या. मोजण्यापूर्वी कवचाच्या तोंडाशी रंगाची किंवा लॅकरची कड जमली आहे काय ते पाहा. असे अनेकदा आढळते आणि तुमची उभी मापे त्यामुळेच कमी आली असण्याची शक्यता आहे. ती कड बारीक पॉलिश कागदाने हातानेच, तंतूंना स्पर्श होणार नाही इतपत काढावी. रीमरला नकार दिलात ते उत्तम झाले.

मापे ठीक आली तर माझे मत आट्यांनी जोडल्या जाणाऱ्या कपांच्या बाजूने आहे. अशा फ्रेममध्ये दोन्ही बाजूंची छिद्रे एका सरळ रेषेत असतीलच असे नाही. सुट्या कपांमध्ये तो दोष थेट बेअरिंगवर येतो, तर एकमेकांत जोडलेले कप बेअरिंगना परस्परांशी सरळ रेषेत धरून ठेवतात. मात्र छिद्रच लहान असेल तर हा उपाय उपयोगी नाही, आणि अशा वेळी विक्रेत्याकडून फ्रेम बदलून मागणे हाच मार्ग राहतो. रिटेनिंग कंपाउंड (फट भरून कप पकडून ठेवणारा चिकट द्रव) केवळ किंचित सैल बसणाऱ्या कपासाठी आहे. बसवताना हातोडी मुळीच वापरू नका. लांब बोल्ट आणि जाड वॉशर घेऊन कप सावकाश, सरळ ओढून घ्या.

ॲक्सलचे आटे ओळखणे सोपे आहे. १२ मिमीचा साधा जाड आट्यांचा बोल्ट १.७५ पिचचा असतो आणि कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. तो नुसत्या बोटांनी चार-पाच फेरे आत गेला तर उत्तर मिळाले. न गेल्यास १.५ पिचचा बोल्ट वाहनांच्या सुट्या भागांच्या दुकानातून आणून पाहा. तोही अडला तर १.० पिच असण्याची शक्यता अधिक, पण खरेदीपूर्वी मशीन शॉपमधल्या थ्रेड गेजने खात्री करून घ्या. पान्याने जोर लावू नका, कारण तेथील आटे ॲल्युमिनियमच्या लहान तुकड्यात असतात. ॲक्सल मागवताना एकूण लांबी आणि आट्यांची लांबी, ही दोन्ही मापे द्या.

दुसरा प्रतिसाद

अहवालाबाबत विक्रेत्याचे म्हणणे मी स्वीकारणार नाही. चाचणी केलेल्या नमुन्याचे छायाचित्र आणि साच्याचा क्रमांक मागा. ते मिळाले नाहीत तर तो अहवाल तुमच्या फ्रेमचा नाही असेच समजा. फोर्कचा निर्णयही याच्याशीच निगडित आहे. २० मिमीने ट्रॅव्हल वाढल्यास हेड अँगल साधारण एका अंशाने कमी होतो आणि उतारावर ते सुखावह वाटते, पण हेड ट्यूबच्या सांध्यावर पडणारा ताणही वाढतो. ज्या फ्रेमची चाचणी संशयास्पद आहे, तिच्यावर आखणीपेक्षा लांब फोर्क लावू नये. ज्याचा एअर शाफ्ट (आतला दांडा) बदलून ट्रॅव्हल वाढवता येतो असा १०० मिमीचा, १५ × ११० बूस्ट, टेपर्ड (खालच्या टोकाला जाड होणाऱ्या) स्टीअररचा फोर्क घ्या. विक्रेत्याने १२० मिमीला लेखी मान्यता दिल्यास पुढे बदल करता येईल. घेण्यापूर्वी आणखी एक गोष्ट तपासा. काही फ्रेमची डाउन ट्यूब इतकी सरळ असते की हँडल पूर्ण वळवल्यावर फोर्कच्या वरची बटणे तिच्यावर आदळतात. एका पडण्यात कार्बनला खोक पडायला तेवढे पुरेसे आहे.

हेडसेटचा कोन बेअरिंगवरच कोरलेला असतो, ‘४५×४५’ किंवा ‘३६×४५’ असा. सोबत बेअरिंग आली नसतील तर विक्रेत्याकडूनच मागवा, अंदाजाने घेऊ नका. गिअरमध्ये मी ११ चाच पर्याय घेईन. एचजी कॅसेट गावोगावी मिळण्याची शक्यता जास्त आणि तुमच्या वापरात १० दातांची उणीव जाणवणार नाही. क्रँक घेताना चेनलाइन (फ्रेमच्या मध्यरेषेपासून चेनरिंगचे अंतर) ५२ मिमी किंवा त्याहून अधिक आहे आणि फ्रेमला ३२ दातांची चेनरिंग चालते, एवढे पाहा.

सीटपोस्ट ॲल्युमिनियमची घेणार असाल तर कार्बन पेस्ट लावून बसवा आणि पावसाळ्यात मधूनमधून काढून पुसत जा. ओल आणि चिखल आत राहिला तर कार्बनच्या संपर्कात ॲल्युमिनियम गंजते आणि पोस्ट अशी धरते की निघत नाही. कोकणातल्या दमट हवेत हा प्रकार आणखी लवकर होतो. कॉलरचा टॉर्क त्यावर लिहिलेला असतो, बहुधा ५ न्यूटन-मीटर. टॉर्क पान्याशिवाय या फ्रेमला हात लावू नका.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. फोर्क १०० मिमीचाच घेतो आणि गिअर ११ चे ठरले. नमुन्याचे छायाचित्र व साच्याचा क्रमांक विक्रेत्याकडे मागितला आहे. बोअर गेजची मापे मिळाली की येथेच देतो; तोपर्यंत बॉटम ब्रॅकेट आणि क्रँकची खरेदी थांबवली आहे. एकमेकांत जोडले जाणारे कप बसवण्यासाठी लागणारा पाना पुण्यात कोणाकडे भाड्याने मिळत असेल, तर कृपया कळवावे.