काम करताना लॅपटॉप चालतो, नुसता ठेवला की बंद पडतो: तुमचे अनुभव लिहा

कृष्णाकाठ
काल लेकीचा हॉस्टेलवरून फोन आला. "आई, वापरतेय तोवर लॅपटॉप ठीक असतो, जेवून येईपर्यंत बंद झालेला असतो." ऐकलं आणि अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, जुना लॅपटॉप आठवला.

अण्णा तरुणपणी नोकरीनिमित्त कोयनानगरला होते. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा भूकंप त्यांनी तिथेच पाहिला. पंचाहत्तरी आली तेव्हा ते सगळं लिहून काढायचं त्यांनी मनावर घेतलं. इनस्क्रिप्ट, म्हणजे मराठी टाइप करायचा कीबोर्ड, शिकले. एक वाक्य लिहायचे आणि थांबायचे. कुठल्या खोलीत कोण राहायचं, कोण ढिगाऱ्याखालून निघालं, कोण नाही, आठवत बसायचे. आणि नेमका त्या थांबण्यात लॅपटॉप बंद व्हायचा. आधी स्क्रीन मंद होणं नाही, सूचना नाही, फट्‌कन अंधार. बटण दाबलं की सगळं पहिल्यापासून. मला त्या यंत्राचा फार राग यायचा. म्हाताऱ्या माणसाला दोन मिनिटं विचार करू द्यायला काय जातं?

दुकानदाराने विंडोज नव्याने टाकून दिलं, मग रॅम बदलली, मग म्हणाला मदरबोर्डच गेला. छडा लावला तो अण्णांनी. एक दिवस म्हणाले, "नाट्यसंगीत लावून बसलो की हा बंद पडत नाही, बघ." खरंच! बारीक आवाजात गाणं चालू असेल तर तासन्‌तास चालायचा, थांबवलं की गेला. हे ऐकून ओळखीतल्या एका इंजिनिअर मुलाने उलगडा केला. काम नसलं की प्रोसेसर वीज वाचवायला टप्प्याटप्प्याने झोपेत उतरतो. त्या टप्प्यांना सी-स्टेट म्हणतात. खोल टप्प्यात व्होल्टेजही उतरतं, आणि त्या लॅपटॉपला तिथून नीट वर येता येत नव्हतं. बायोस, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना विंडोजच्याही आधी चालणारा प्रोग्रॅम, अपडेट केलं, फरक नाही. मग बायोसमध्येच खोल सी-स्टेट बंद केल्या. बॅटरी जरा लवकर उतरायला लागली, पण बंद पडणं थांबलं. अण्णांचं लिखाण पुरं झालं.

तुमच्याकडे असं काही झालंय का? शेवटी काय निघालं? लेकीला सांगायला उपयोग होईल.

रानजाई
अण्णांना नमस्कार सांगा. माझा अनुभव आहे, पण कुकर लावलाय, नंतर लिहिते.

टेबलखालचा
सपोर्टमध्ये काम करतो, रोज हेच बघतो. ताई, आधी एक ठरवा: बंद पडला, झोपला की कुणी बंद केला? तिन्हीत स्क्रीन काळीच दिसते, उपाय मात्र तीन वेगळे.

विंडोजचं बटण आणि एक्स एकत्र दाबा, इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिम. बंद पडल्याच्या वेळेच्या आसपासच्या नोंदी बघा. प्रत्येक नोंदीला क्रमांक असतो. पुन्हा चालू झाल्यावर 41 आणि 6008 क्रमांक आलेत, म्हणजे वीज अचानक तुटली किंवा यंत्र गोठलं, विंडोजला निरोप घ्यायलाही वेळ मिळाला नाही. 1074 असेल तर कुठल्या तरी प्रोग्रॅमने किंवा माणसाने रीतसर बंद केलंय, आणि त्याचं नावही तिथेच असतं. 42 असेल तर झोपला.

41 आला म्हणून घाबरू नका. तो आकडा आजाराचं नाव सांगत नाही, फक्त नीट बंद झाला नव्हता एवढंच सांगतो. लोक 41 बघून लगेच बोर्ड बदलतात, तेवढं करू नका.

अजून एक, नाट्यसंगीताबद्दल. गाणं चालू असताना विंडोज झोपेचा टायमरही अडवून धरतं. म्हणजे नुसत्या गाण्यावरून दोन शक्यता उरतात, झोपेची सेटिंग किंवा सी-स्टेट. तुमच्याकडे बटण दाबल्यावर पहिल्यापासून सुरू व्हायचा, म्हणून निदान बरोबर आलं. वडिलांचं निरीक्षण जबरदस्त आहे.

कृष्णाकाठ
मनापासून आभार, हे लेकीला तसंच्या तसं पाठवते. गाण्याने टायमर अडतो हे माहीत नव्हतं.

देवरुखकर
माझ्याकडं निघाली बॅटरी. शाळेचे निकाल भरायचे होते. 38 टक्के दाखवतोय, मी चहाला उठलो, आलो तर गेलेला. चार्जर लावल्याशिवाय उठत नव्हता. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश, बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत टाइप केलं की एक फाइल तयार होते. त्यात मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्जची क्षमता शेजारी शेजारी लिहिलेली असते. माझी आताची मूळच्या तिसऱ्या हिश्श्यावर आली होती. टक्केवारीचा आकडा म्हणजे अंदाज असतो, सेल थकले की तो अंदाज चुकतो आणि 38 वरून थेट शून्य.

उन्हाळी पाखरू
38 वरून शून्य!! माझ्या फोनचं पण सेम 😭

देवरुखकर
फोनला पण तेच कारण. बदलून घ्या, रडत बसू नका.

पाटणचा
ताई, कोयनेचं वाचून राहवलं नाही. माझी आजी पाटण तालुक्यातली. त्या भूकंपानंतर आमचे लोक कितीतरी दिवस घरात झोपतच नव्हते, अंगणातच. धक्के चालूच होते ना. आजी भांडी वाजली तरी उठून बाहेर यायची, शेवटपर्यंत. अण्णांनी लिहिलंय ते वाचायला मिळेल का?

कृष्णाकाठ
दादा, घरच्यांपुरत्या प्रती काढल्यात. भांड्यांचं अण्णांनीही लिहिलंय, मांडणीवरचे डबे पडायच्या आधी खणखणले ते. तुमच्या आजीच्या आठवणी कुणी लिहून घेतल्यात का?

पाटणचा
नाही ना. आत्या आहे अजून, तिला बरंच माहीत आहे. या दिवाळीला फोनवर रेकॉर्ड करून घेतो.

रानजाई
आले. तर आमचं घर जुनं, वायरिंग त्याहून जुनं. नवऱ्याच्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली, तो कायम चार्जरवरच. दुपारी घरात सामसूम असली की बंद पडायचा. सगळे म्हणायचे स्लीपचं सेटिंग बघा. एकदा मी शेजारीच भाजी निवडत बसले होते. फ्रिजचा कंप्रेसर धडधडला, ट्यूब लुकलुकली आणि त्याच क्षणी लॅपटॉप गेला! मग लक्ष ठेवलं. दर वेळी फ्रिज. व्होल्टेज क्षणभर खाली यायचं, एक्स्टेन्शन बोर्डाचा पॉइंट ढिला, आणि मधला तो क्षण सांभाळायला बॅटरीच नाही. इलेक्ट्रिशियनने पॉइंट बदलला, आम्ही बॅटरी घातली. तेव्हापासून छान. लाइट जाऊन इन्व्हर्टरवर येताना बंद पडत असेल तरी बॅटरीच तपासा.

उन्हाळी पाखरू
रानजाई कुठली भाजी निवडत होतात 😀

रानजाई
तांदुळजा. पावसाळ्यात मस्त मिळतो. लसूण आणि सुकी मिरची, बाकी काही घालू नका.

आवळा
आमच्याकडे त्यात थोडी मूगडाळ घालतात.

मेलबर्नहून
सध्या वर्क फ्रॉम होम, मीटिंगच्या मधे लिहितोय. माझा ऑफिसचा लॅपटॉप बॅगेत घालून ट्रेनने निघालो की पोचेपर्यंत तापलेला आणि मेलेला. निघताना झोपवलेला असायचा. नव्या लॅपटॉपमध्ये जुनी एस थ्री झोप, म्हणजे रॅम सोडून जवळपास सगळं बंद होणारी, बरेचदा नसतेच. असते ती मॉडर्न स्टँडबाय, त्यात तो फोनसारखा अर्धवट जागा राहतो, वायफायवर काहीतरी करत बसतो. बॅगेत हवा नाही, तापणार आणि बॅटरी संपवणार. तुमच्याकडे कुठली झोप आहे ते पॉवरसीएफजी स्लॅश ए ने कळतं. पॉवरसीएफजी स्लॅश स्लीपस्टडी दिलं की झोपेत कोण जागं होतं त्याचा अहवाल मिळतो. मी आता झाकण लावलं की हायबरनेट, म्हणजे चालू काम डिस्कवर ठेवून पूर्ण बंद, अशी सेटिंग केलीये. उघडायला थोडा वेळ लागतो, पण पोचल्यावर बॅटरी जशीच्या तशी. बॅगेतल्या गरम लॅपटॉपकडे दुर्लक्ष करू नका प्लीज, लिथियमची बॅटरी आहे ती.

टेबलखालचा
+1. बॅगेत ठेवायचा तर हायबरनेट किंवा शटडाउन, तिसरं काही नको.

वऱ्हाडी झटका
आमच्या अकोल्यात मे महिन्यात तर माणूसच बंद पडते भाऊ, लॅपटॉपचं काय घेऊन बसले 😄

पण खरं सांगतो, माझा बी रिकामा असतानाच बंद पडे. मले वाटे काम नाही तर गरम काऊन होईन? मंग समजलं, आपण हात काढला की विंडोजले मोकळं रान भेटते. अँटिव्हायरस स्कॅन, अपडेट, फायलींचं इंडेक्सिंग, सारी साफसफाई ते तवाच काढते. म्हणजे आपण रिकामे, तो नाही. अन्‌ पंख्याच्या जाळीत कापसासारखा धुळीचा थर. तापमान हद्दीबाहेर गेलं की प्रोसेसर सोताले वाचवासाठी वीज तोडते. पंखा साफ केला, थर्मल पेस्ट नवी लावली, प्रश्न मिटला. ज्याईले शक्य आहे त्याईनं एखादं तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर चालू ठेवून पाहा, बंद पडायच्या आधी आकडा कुठं होता ते समजते.

कृष्णाकाठ
हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटला. हॉस्टेलवर ती लॅपटॉप गादीवर ठेवते, तेही सांगते तिला.

आवळा
गादीवर अजिबात नको. हवा खालून ओढतात बरेच लॅपटॉप.

निळी शाई
माझं कारण वेगळंच. बरोबर वीस मिनिटं हात लावला नाही की शटडाउन. इतकी ठरलेली वेळ बघूनच वाटलं की हा बिघाड नाही, कुणीतरी सांगितलेलं काम आहे. लॉगमध्ये 1074, आणि पुढे टास्क शेड्युलरमधल्या, म्हणजे विंडोजच्या आपोआप कामं चालवणाऱ्या सोयीतल्या, एका कामाचा माग लागला. लॅपटॉप सेकंडहँड घेतलेला, आधी कुठल्यातरी कचेरीतला. वीज वाचवायला त्यांनी लावून ठेवलेलं असणार. ते काम काढून टाकलं. वेळ दर वेळी तीच असेल तर हार्डवेअर उघडायच्या आधी सेटिंग शोधा, आणि वेळ कशीही बदलत असेल तर वीज, बॅटरी, उष्णता. हे मला आजवर कधी चुकलेलं दिसलं नाही.

पेंग्विनप्रेमी
लिनक्सवाले कुणी? जर्नलसीटीएल या लॉग दाखवणाऱ्या कमांडला मागच्या बूटच्या (मागच्या वेळी चालू केल्यापासूनच्या) शेवटच्या ओळी विचारा. रीतसर बंद झाला असेल तर सेवा एकेक थांबल्याच्या नोंदी दिसतात. मधेच तुटलेला असेल तर वीज किंवा फ्रीझ. लॉगइनडी, म्हणजे झोप आणि झाकण सांभाळणारी सेवा, तिच्या सेटिंगच्या फाइलमध्ये आयडल ॲक्शन आणि झाकणाचा स्विच या दोन ओळी बघायच्या. कृष्णाकाठ यांच्या वडिलांसारखा प्रकार असेल तर बायोसमध्ये सोय नसली तरी कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, बूट होतानाच सी-स्टेटची मर्यादा सांगता येते.

कृष्णाकाठ
लेकीचा निरोप आला!! लॉगमध्ये 41 नाही, 42 आहे, आणि कारण लिहिलंय बटण किंवा झाकण. पण ती म्हणते झाकण उघडंच असतं.

मोगरी
ताई, थांबा! ती लॅपटॉप कशावर ठेवते? फोनच्या किंवा टॅबच्या चुंबकाच्या कव्हरवर? दुसऱ्या लॅपटॉपवर? झाकण लागलं हे ओळखायला आत चुंबकाचा सेन्सर असतो. माझ्या फोनचं फ्लिप कव्हर कीबोर्डच्या कडेला ठेवलं की लॅपटॉप झोपायचा. मैत्रिणीचा तर घड्याळाच्या चुंबकी पट्ट्यानं.

कृष्णाकाठ
मोगरी, काय सांगू! टेबल लहान म्हणून जेवायला जाताना ती रूममेटच्या मिटलेल्या लॅपटॉपवर स्वतःचा ठेवते. आत्ता काढून बाजूला ठेवलाय, चालू आहे. आणि झोपेनंतर काही वेळाने हायबरनेटची सेटिंग होती, म्हणून परत येईपर्यंत पूर्ण बंद वाटायचा.

मोगरी
🙏🙏 दुरुस्तीचे पैसे वाचले!

टेबलखालचा
मस्त. हे मी आमच्या टीमला पण सांगणार आहे.

उन्हाळी पाखरू
मी पण दोन लॅपटॉप एकावर एक ठेवते, घरचा आणि ऑफिसचा. बाई गं.

सोनचाफा
मधेच विचारते, सॉरी. माझा बंद पडत नाही, पण टचपॅड वर उचलल्यासारखं झालंय आणि क्लिक नीट होत नाही. याच्याशी संबंध आहे का?

देवरुखकर
ताई, वापर आत्ता थांबवा. बहुतेक बॅटरी फुगलीय. चार्जिंगला लावू नका, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, भोक तर मुळीच पाडू नका.

सोनचाफा
अगं बाई. मुलगा त्यावर आत्ता अभ्यास करतोय. बंद करते.

पेंग्विनप्रेमी
बंद करून गादी, पडदे, कागद यांपासून लांब, कठीण फरशीवर ठेवा. स्वतः उघडू नका, दुरुस्तीवाल्याकडे न्या. फाइल्सची काळजी नको, त्या बॅटरीत नसतात, डिस्क सुरक्षित राहते.

सोनचाफा
बंद केला, बाल्कनीत फरशीवर ठेवलाय. ऊन नाही तिथे. जुनी बॅटरी कचऱ्यात टाकायची का मग?

रानजाई
घंटागाडीत नको हं. नवी बॅटरी घ्याल तिथेच जुनी द्या. 2022 च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे. दुकानदार नाही म्हणाला तर ई-कचरा घेणारं केंद्र विचारा. तुम्ही कुठल्या गावच्या?

सोनचाफा
नाशिक. उद्या सकाळी नेते दुकानात. मुलाची परीक्षा सोमवारी आहे, तोवर वहीवर करेल.